डावा दिवा

गाड्या आणि अवजारं आपापसांत बोलत असत, त्या काळातली गोष्ट. एका मंगळवारी दस्तगीर मिस्त्री एका छोट्या जुन्या गाडीला अखेर मिळालेला मूळचा डावा दिवा बसवत होते. तेवढ्यात निरोप आला, गाडीचे मालक अच्युतराव सकाळी गेले.

वर्षभर गाडीचा एकच हट्ट होता, सगळं मूळचंच हवं. दाराच्या रबराखाली जुन्या फिकट हिरव्या रंगाची पट्टी सापडली, तेव्हा तिने तोच रंग लावून घेतला. उरला होता फक्त डावा दिवा. मिस्त्रींनी दुसऱ्या गाडीचा बसवून पाहिला, तर ती सुरूच होईना.

"अगं, म्हाताऱ्याला नदीपर्यंत एक चक्कर हवीय," पाना तिला म्हणाला होता. "रोज येऊन विचारतात बिचारे. जा की!"

"असल्या उसन्या डोळ्याने? लोक हसतील."

"लोक तुला बघतील गं. त्यांना नदी बघायचीय."

तिने ऐकलं नव्हतं.

मिस्त्रींनी शेवटचा स्क्रू आवळला, हात पुसले आणि किल्ली फिरवली. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. दोन्ही दिवे मूळचे होते. अच्युतरावांना नदीपर्यंत न्यायचं राहिलं.