तिसरी प्लेट

मला हे लिहायचं नव्हतं. सूनबाईनं वही पुढ्यात आपटली. म्हणाली, लिहून काढा एकदाचं, रोज मला ऐकवू नका. तर घ्या.

"मग खोट कुठं आहे, तेवढं सांगा की चाचा," पोतनीस सर म्हणत होते.

सर कॉलेजात इंजिनिअरिंग शिकवायचे. घरच्या खोलीसाठी त्यांनी शिलाई मशीनएवढं मिलिंग मशीन केलेलं, लोखंड कापून सपाट करणारं. चाचांनी, म्हणजे इलाही मिस्त्रींनी, होकाराची मान हलवली की रविवारी प्रदर्शनात चालवून दाखवणार होते. मी मिस्त्रींच्या वर्कशॉपात, शेजारी स्टुलावर.

मशीनला खाली बेड, म्हणजे लोखंडी बैठक, त्यावर सरकणारं टेबल. सरांनी बेडाला निळा रंग पुसटसा लावला, टेबल त्यावर फिरवलं आणि उलटं करून दाखवलं. सगळीकडं निळे ठिपके, म्हणजे सगळीकडं टेकतंय.

"मी आणि माझ्या भावानं तीन महिने हातानं घासलंय. मधनं कागद जात नाही."

"दोघांनीच तपासलं?"

"दोघं बास की. तोपण इंजिनिअर आहे."

मिस्त्रींनी बाकाखालून जुनी लोखंडी प्लेट काढली. आरशासारखी सपाट. तिला निळं लावून टेबल फिरवलं, पालथं केलं.

मध्येच निळं. कडा कोऱ्या.

"पण बेडावर तर घट्ट बसतं..."

"बसणारच. टेबलाला पोट आलंय, बेडाला खड्डा पडलाय. दोघांचं झकास जमलंय."

"केसभर फरक, चाचा. रविवार तोंडावर आलाय. एवढ्यानं काय होतंय?"



मिस्त्रींनी माझा उजवा हात उचलला आणि प्लेटवर ठेवला. अंगठा आहे. बाकी बोटं नाहीत.

सरांनी नजर वळवली.

"आमच्या कारखान्यात पत्रा कापायचा प्रेस होता," मिस्त्री म्हणाले. "हा गणपा सांगायचा, पायडल एकदा दाबलं की दोनदा पडतोय. मी तपासला. मालकानं तपासला. दोघांचं जमलं. म्हणालो, काही खोट नाही."

"तिसऱ्या कुणाला तरी विचारायचं..."

"तिसरा होता की. त्यालाच प्रेसवर बसवला."

सरांनी टेबल खाली ठेवलं. घासणी हातात घेतली. विचारलं, "मग?"

मिस्त्री माझ्या तळव्याला लागलेलं निळं चिंधीनं पुसत होते.

"मग मी याच्या दारात जाऊन पाय धरले. मालक बापू मगदूम मात्र अजून यायचाय."