उसवलेलं टोपडं

फार पूर्वी, घड्याळं जन्माला यायच्याही आधी, एका उंच डोंगरावर एक गाव होतं. तिथला वारा भर उन्हाळ्यातही कान लाल करायचा. बारसं अंगणात, सगळ्या गावासमोर व्हायचं. म्हणून बाळाच्या डोक्यावर आत्यानं स्वतः विणलेलं लोकरीचं टोपडं हवंच. टोपडं नाही, तर बारसं नाही.

आणखी एक रीत होती, ती मात्र जरा खुळचट. बाळासाठी घातलेला टाका उसवायचा नाही. उसवला तर म्हणे अपशकुन! त्यामुळे गावातल्या निम्म्या पोरांची टोपडी वाकडी आणि कान उघडे. पण बोलायचं कोणी?

त्या गावातल्या एका बाईला पहिलाच भाचा झाला. ती अगदी हरखून गेली. घरच्या मेंढीची होती तेवढी मऊ लोकर घेऊन लगेच विणायला बसली. पण बाई पडली बोलघेवडी. टाके मोजता मोजता दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारायची, भाच्याचं कौतुक सांगायची आणि मोजलेलं विसरायची.

पहिल्या दिवशी दोन टाके गळले. दुसऱ्या दिवशी ते झाकायला तिनं चार वाढवले. चौथ्या दिवशी टोपड्याला एका अंगाला चक्क खिसा फुटला!

बारशाच्या आदल्या दिवशी, सकाळीच सासूनं ते उलटंसुलटं करून पाहिलं. "सूनबाई, यात डोकं घालायचं कुठून गं?"

बाईला रडूच कोसळलं. "माझ्यामुळे माझ्या भाच्याचं बारसं राहणार!"

अंगणात रवंथ करणारी मेंढी म्हणाली, "रडतेस काय? उसव की ते."

"अगं, अपशकुन होईल!"

"दरवर्षी तुम्ही माझ्या अंगावरची लोकर कातरता. चार दिवस मी उघडीबोडकी दिसते, लाजून गोठ्याबाहेर येत नाही. पण पुन्हा येतेच ना लोकर? ही कातरली नसती, तर तू विणलं असतंस काय?"

सासूनं टोपडं पुन्हा उलटंसुलटं केलं. मग तिनंच धाग्याचं टोक शोधून सुनेच्या हातात दिलं.

बाईनं धागा ओढला. भराभर टाके सुटत गेले. तिला इतकं हलकं वाटलं की ती रडता रडता हसायलाच लागली. लोकरीचा गुंडा पुन्हा तयार झाला. या खेपेला तिनं तोंड घट्ट मिटून साधंसं टोपडं विणायला घेतलं आणि दिवस मावळायच्या आत पुरं केलं.

दुसऱ्या दिवशी बारसं थाटात झालं. बाळाचे कान इतके छान झाकले होते, की नाव सांगायला आत्याला टोपडं जरा वर सरकवावं लागलं. बायकांनी हसत हसत तिच्या पाठीत धपाटे घातले. आणि त्या आठवड्यात गावातल्या घराघरांत वाकडी टोपडी उसवली गेली.

तात्पर्य : बिघडलेलं काम कवटाळून बसू नये, ते वेळीच उसवलं, तर त्याच धाग्यातून चांगलं काम होतं.