काहिलीतून आणलेली लेक

एकदा काय झालं, एका नदीकाठी सारजा नावाची लोहारीण राहायची. भाता ती ओढायची, घण तिचा नवरा कोंडिबा मारायचा. त्यांची एकुलती एक लेक ठकी. चार वर्षांची, बरं का, तुमच्याएवढीच.

त्या नदीत होता एक खोल डोह. डोहाच्या मधोमध खडक, आणि त्या खडकावर राहायची आसरा. आसरा म्हणजे पाण्यातली बाई. बिचारी एकटीच होती. एक दिवस ठकी खेळता खेळता घसरली न् डोहात पडली. आसरेनं तिला अलगद झेललं, खडकावर नेऊन बसवलं. मग तिला वाटलं, ही आता माझीच.

सारजा धावत काठावर आली. "माझी लेक दे गं बाई!"

आसरा हसली. "लोहारीण ना तू? मग लोखंडात बसून ये न् घेऊन जा. पोहत आलीस, लाकडाच्या होडीतून आलीस, तर नाही देणार."

लोखंड कधी तरंगतं का? कोंडिबा तर मटकन खालीच बसला. पण सारजाला बसवेना. पोरीनं काही खाल्लं असेल का? ओल्या झग्यानं थंडी भरली असेल का?

मग तिला वाटलं, जड ते बुडतं, तर आपण हलकं घ्यावं. तिनं एक इवलासा खिळा पाण्यावर ठेवला. टुपकन बुडाला. आणि शेजारून भलामोठा ओंडका मजेत तरंगत गेला!

मग तिला वाटलं, जाड ते बुडतं, तर आपण पातळ करावं. दोघांनी मिळून लोखंड ठोकलं, ठोकलं, चांगला खाटेएवढा पत्रा केला. दोर बांधून पाण्यात सोडला. तोही गेला तळाला.

"पुरे गं आता," कोंडिबा म्हणाला. "हात बघ तुझे, सोलवटलेत."

"पोर तिकडे न् हाताचं काय घेऊन बसलात!"

ती हात गार करायला पाण्याशी गेली. कुणाची तरी तांब्याची घागर तिथं डुलत होती. सारजानं ती खाली दाबली. घागरीनं हात वर ढकलला. तोंडातून पाणी आत शिरलं, तशी घागर बुडाली. तांबं तेच, घागर तीच! रिकामी होती तेव्हा तिनं पुष्कळ पाणी बाजूला सारलं होतं, आणि ते पाणीच तिला वर धरत होतं.

"अहो, उठा! लोखंडाला पोट करायचं!"

मग त्यांनी तोच पत्रा ओढून काढला. भट्टीत तापवला, कडा वर वळवल्या, मध्ये खोलगट केला. गुळाच्या गुऱ्हाळात असते ना, तशी मोठी काहील झाली. लोखंड गुंजभरही कमी केलं नाही, बरं का. पाण्यात सोडली आणि काय सांगू, बदकासारखी तरंगली!

सारजा आत बसली, वल्हं मारत खडकापाशी गेली. आसरा बघतच राहिली. तिचे डोळे भरून आले. "ने गं तुझी लेक," ती म्हणाली. "पण मला भेटवायला आणशील ना?"

"आणीन हो. दर पुनवेला आणीन."

ठकी काहिलीत उतरली, तशी काहील बोटभर खाली गेली. काठ पाण्याच्या वर चारच बोटं राहिला.

"आई, आपण बुडू?"

"नाही गं बाय. तू बसलीस ना, तेवढं पाणी आणखी बाजूला झालं. आता ते तुलापण धरणार. मधोमध बस, हलू नको."

ठकी आईच्या मांडीवर डोकं ठेवून निजली. काहील काठाला लागली तरी सारजा उतरली नाही. पोर जागी होईल म्हणून तशीच बसून राहिली. पाणी त्या दोघींना हळूहळू झुलवत होतं.

ती तिघं सुखी झाली, आसराही एकटी राहिली नाही. आता तुम्हीपण मधोमध सरका, हलू नका, आणि मिटा बघू डोळे.