तांबटाच्या लेकीची कहाणी

वास्तुदेवा, कान द्यावा, ही तुमची कहाणी. एक आटपाट नगर होतं. तिथं एक कासार राहत असे. त्याची बायको येसू. दुसऱ्याच्या ओसरीवर बिऱ्हाड करून बारा वर्षं लोटली. येसू लेकीसुनांना बांगड्या भरी आणि मनात म्हणे, "देवा, स्वतःचा उंबरठा दे. मी वसा घेते. ज्याचं घर, त्याच्या प्रत्येक वारसाचा होकार घेईन, मगच आत पाऊल टाकीन."

पुढं काय झालं? नगरातला म्हातारा तांबट वारला. मागं दोन मुलगे, एक लेक चिमा. मुलग्यांनी घर विकायला काढलं. येसू थोरल्याकडे गेली, तो हो म्हणाला. धाकट्याकडे गेली, तो हो म्हणाला. मग तिनं विचारलं, "आणि चिमा?"

थोरला म्हणाला, "वहिनी, बाबांच्या मागं तिला चोळीबांगडी केली. तिचा हक्क फिटला. आता तिला काय विचारायचं?"

साऱ्या पंचक्रोशीत बांगड्या भरणारं घर एकच, ते येसूचं. बाप गेल्यापासून चिमाचा हात तिच्या हाती आला नव्हता. हे खोटं तिला तिथंच कळलं. पण घर डोळ्यांपुढं होतं. ती गप्प राहिली. घेतला वसा टाकला. खरेदीखतावर दोन सह्या झाल्या, तिसरी जागा कोरी राहिली.

मग नव्या घरात दूध उतू जाऊ द्यायला चुलीवर ठेवलं, ते नासलं. दुसऱ्या दिवशी ठेवलं, नासलं. तिसऱ्या दिवशी ठेवलं, नासलं. कासार म्हणाला, "गवळी बदलू."

"गवळ्याला बोल लावू नका," येसू म्हणाली. "दोष माझा आहे."

मग ती निघाली. तीन ओढे ओलांडले, चिमाच्या सासरी आली. चिमा अंगणात तांदूळ पाखडत होती.

"मावशी, बांगड्या आणल्यात?"

"नाही गं. तुझं घर परत करायला आले. तुझ्या भावांनी खोटं सांगितलं. मला ठाऊक होतं, तरी मी बोलले नाही."

चिमा सूप चालवीत राहिली. मग म्हणाली, "घर नेऊन ठेवू कुठं? इथं म्हैस दारात मावत नाही. माझा वाटा मी पंचांसमोर भावांकडून घेईन, तो सोडायची नाही. सहीही देईन. पण ते तर नगर सोडून चालले. माहेर कुणाकडे मागू?"

"माझ्याकडे माग. पंचमीला न्यायला माणूस पाठवीन."

"साडीचोळी नको. पुरणाची दिंडं करा. आई जाड करायची."

"माझी न सांगताच जाड होतात."

मग पंच बसले. भावांनी माना खाली घातल्या, बहिणीचा वाटा दिला. कोऱ्या जागी चिमानं सावकाश, नीट अक्षरांत सही केली. त्या दिवशी दूध उतू गेलं.

पुढं पंचमी आली. चिमा दाराशी येऊन थबकली. म्हणाली, "मावशी, आत येऊ?"

येसू म्हणाली, "माहेरी कुणी विचारून येतं का? पाय धू, पानं वाढली आहेत."

येसूला जसा उंबरठा लाभला, चिमाला जसं माहेर लाभलं, तसं ते वाचणारीला लाभो, ऐकणारीला लाभो, न आलेल्या लेकींनाही लाभो. साठ बोलांची ही कहाणी पाच बोलांत सांगितली, देवाच्या पायी सुफळ झाली.