शेवटच्या फडाचं पहिलं पाणी

“वाढा म्हणतो ना! पंगतीला बसवून उपाशी ठेवायची ही कुठली रीत?” उखाजी रिकाम्या पत्रावळीवर हात आपटून ओरडले.

“रीत तुमचीच आहे, भाऊ,” बट्ट्यांची टोपली कमरेवर घेऊन ठगूबाई म्हणाली. “पहिल्याचं पोट भरल्याशिवाय दुसऱ्याला वाढायचं नाही.”

“अन् तोवर आम्ही काय पत्रावळ चघळायची?”

“मी तीन वर्षं ढेकळं चघळतेच आहे की!”

पंगतीत कुणीतरी फिसकन हसलं.

आंबेहोळला येणारे पाहुणे बंधारा बघतात, फोटो काढतात आणि माघारी फिरतात. बघण्यासारखं आहे ते पाट संपतो तिथं. तिथं शेंदूर फासलेला गुडघाभर दगड आहे. हिवाळ्यात पाट सुरू होतो तेव्हा नारळ बंधाऱ्यावर फुटत नाही, इथं फुटतो. आणि पाणी वाटेतल्या एकाही शेतात न शिरता आधी इथवर येतं. त्याचं कारण ही पंगत, असं सांगतात.

तेव्हा सगळं उलटं होतं म्हणे. एका पाटावर सात फड, म्हणजे शेतांचे सात पट्टे. पहिला उखाजींसारख्या मोठ्यांचा, बंधाऱ्याला लागून. सातवा ठगूबाईसारख्यांचा. वरच्याचं भिजून होईस्तोवर खालच्यानं बघत बसायचं. दोन वर्षं तिचा गहू ओंबी धरण्याआधीच वाळला. तिसऱ्या वर्षी पोटरीला आला होता आणि जमीन भेगाळत चालली होती. हेही पीक गेलं असतं, तर आंधळ्या सासूला घेऊन तिला गाव सोडावं लागणार होतं.

पहिल्या वर्षी तिनं चावडीवर हात जोडले. दुसऱ्या वर्षी शिव्या दिल्या. दोन्ही वेळा पुरुषांनी पान थुंकून विषय बदलला. तिसऱ्या वर्षी ती चावडीकडे फिरकलीच नाही. मोठ्यांच्या घरी बायकांसोबत दळायला बसू लागली. उखाजींची बायको भागाई, तिची लेक सहाव्या फडातल्या घरात दिलेली. ठगूबाईनं एवढंच विचारलं, “लेकीचा गहू कसा आहे गं?” भागाई जातं थांबवून रडली म्हणे.

पुरुष ही गोष्ट सांगतात तेव्हा भागाईला गाळतात. गाळू नये. वाढणाऱ्या साऱ्या बायका तिनं ठगूबाईच्या बाजूला वळवल्या. नवऱ्याच्या पानावरून टोपली तशीच पुढं न्यायला काय छाती लागते, ते ज्यानं त्यानं आपल्या घरी विचारून बघावं.

माघात देवीचा भंडारा आला. वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. दरवर्षी चुलाण्यांजवळची पानं मोठ्यांची असत. त्या वर्षी सगळे आपापल्या जागी बसले, आणि बघतात तर चुलाणी पंगतीच्या दुसऱ्या टोकाला! बायका तिकडून वाढत निघाल्या, तेही एकेकाचं पोट भरेपर्यंत, तूप ओतून ओतून. उखाजींपर्यंत नुसता वास पोचला. म्हणून ते ओरडत होते.

“भागा, तू तरी वाढ!”

“अजून पाळी नाही आली तुमची,” भागाई शांतपणे म्हणाली.

“माझं शेत बंधाऱ्याजवळ, हा काय माझा गुन्हा?” उखाजींचा आवाज आता खाली आला होता.

ठगूबाईनं टोपलीवरचं फडकं काढलं. आत गरम बट्ट्या होत्या, कुणालाही कमी पडू नयेत एवढ्या. उखाजींच्या पानात दोन ठेवून ती एकच वाक्य बोलली. उखाजी जेवून उठले ते थेट पाटावर गेले, आणि आपल्या शेतात पाणी वळवणारं दारं त्यांनी स्वतःच्या हातानं मातीनं बुजवलं. त्यांचं बघून मधल्या फडांनीही आपापली दारं बुजवली. दिवस कलताना सातव्या फडात पाणी शिरलं. ठगूबाईचा गहू वाचला. तिची सासू त्याच गावात, आपल्याच ओसरीवर म्हातारी होऊन गेली.

आजही सातव्या फडातली घरं नव्या गव्हाच्या तीन ओंजळी त्या दगडापाशी ठेवतात. एक ठगूबाईची, एक भागाईची आणि एक उखाजींची, कारण ऐकून घेणाऱ्याचेही उपकार असतातच. ही माणसं झाली नसती तर त्या घरांच्या चुली कुठल्या मुलखात पेटल्या असत्या, कोण जाणे. आणि भंडाऱ्यात टोपली घेऊन उभी राहिलेली बाई आजही पहिली बट्टी वाढण्याआधी ठगूबाईचं ते वाक्य म्हणते:

“सगळ्यांना पुरतं, भाऊ; फक्त वाढायला सुरुवात शेवटच्या पानापासून करावी लागते.”