आळशी झाकण

भांडी बोलत असत त्या काळी सगुणाच्या झोपडीत पेजेचं एक पातेलं आणि त्याचं झाकण राहत होतं. झाकण भलतंच आळशी. "वाफेने घामाघूम होतो बुवा," म्हणत ते भिंतीला टेकून बसायचं. सगुणाची छोटी येसू मात्र सारखी जुलाबाने आजारी पडायची. आता तर ती हसेनाशी झाली होती.

एकदा एक माशी पातेल्याच्या काठावर येऊन पाय चोळू लागली.

"उकिरड्यावरून आलीस ना? ऊठ बघू!" पातेलं ओरडलं.

"म्हणून तर पाय पुसतेय," माशी ठसक्यात म्हणाली. "माझ्याइतकं स्वच्छ गावात आहे कोण?"

"आणि पुसलेली घाण कुठे टाकतेस?" झाकणाने विचारलं.

"कुठे म्हणजे? या पेजेत!"

झाकणाने कोपऱ्यात निपचित पडलेल्या येसूकडे पाहिलं आणि ते शरमेने धाडकन खाली आदळलं. आवाजाने सगुणा धावत आली. पेजेवर माशी बघून तिने ती पेज ओतून दिली, पातेलं घासून ताजी पेज शिजवली. झाकण आपणहून वर जाऊन बसलं.

हळूहळू येसू बरी झाली आणि एका सकाळी पळी घेऊन झाकण बडवू लागली.

"वाजव गं, खुशाल वाजव," झाकण हसत म्हणालं, "पण आधी पेज संपव!"