तुळशीरामचा नवा व्हॉल्व्ह

एका गावात एक भोळा व्हॉल्व्हमन होता. तुळशीराम त्याचं नाव. गावाला नगरपालिका होती, टाकी होती आणि पाण्याचा दाब सांभाळणारा एक जुनाट व्हॉल्व्ह होता. तो गंजून असा बसला होता, की खालच्या आळीत नळ फुटायचे आणि टेकडीवर नळातून नुसती हवा यायची.

तुळशीराम नऊ वर्षं रोजंदारीवर. नवा व्हॉल्व्ह बसला की त्याला कायम करायचं, असं पाणीखात्याच्या घारपुरे साहेबांनी कबूल केलं होतं. बायको पारू रोज बजावायची, "अवो, डोकं चालवू नका. साहेब सांगतील तेवढंच करा." बिचारा तेवढंच करायचा. तिथंच घोडं पेंड खायचं.

साहेब म्हणाले, "तीस वर्षं एका जागी बसून गंजलेलं जे दिसेल, ते उचलून भंगारात ठेव."

तुळशीराम कचेरीत आला. हेडक्लार्क बत्तीस वर्षं एकाच खुर्चीत. त्यांना त्याने खुर्चीसकट उचललं आणि भंगारखोलीत नेऊन ठेवलं. ते जागेवर नाहीत हे दुपारपर्यंत कुणाला कळलंही नाही.

घारपुरे साहेब खवळले, "अरे शहाण्या, माणसाला हात लावतोस? आधी अर्ज, मग मंजुरी, मग काम!"

"व्हय साहेब."

दुसऱ्या दिवशी खालच्या आळीत नळ फुटला. पाणी घरांत शिरलं, भांडी तरंगायला लागली. तुळशीराम ओट्यावर अर्ज लिहीत बसला. बायका ओरडल्या, तर म्हणाला, "ताई, मंजुरी तर येऊ द्या."

साहेबांनी कपाळावर हात मारला. "पाणी उडताना दिसलं की अर्ज नाही, काही नाही. आधी चावी बंद!"

"व्हय साहेब."

तिसऱ्या दिवशी साहेबांच्या जीपने पेट घेतला. बंबवाले धावले, नळाला पाइप जोडला, फवारा उडाला. तुळशीरामने तो पाहिला मात्र, पळत जाऊन चावी बंद केली. जीपचा सांगाडा उरला.

साहेब रडायचेच बाकी होते. "माझ्या बाबा, मी सांगितल्याशिवाय चावी बंद करू नकोस. जुना व्हॉल्व्ह काढ. नवा पाटावर ठेव, उद्घाटन होईपर्यंत त्याला हात लावू नकोस. नगराध्यक्षांनी नारळ फोडला की पाणी सोड. बस्स!" आणि त्याला कायम करायचा कागद त्याच्याच हाती दिला. "कार्यक्रम झाला की यावर अध्यक्षांची सही घे."

उद्घाटनाला मांडव पडला. व्हॉल्व्हच्या खड्ड्यावर सतरंजी, शेजारी पाटावर नवा व्हॉल्व्ह, हळदकुंकू लावून, हार घालून. अध्यक्ष आले. चांगले सव्वाशे किलोचे. नारळ फुटला. तुळशीरामने पाणी सोडलं.

जुना व्हॉल्व्ह भंगारात, नवा पाटावर. मधे पाण्याला रान मोकळं. सतरंजी उडाली, मांडव उडाला, घारपुरे साहेब गटारात पडले. "बंद कर" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, तर तोंडात पाणीच पाणी. तोवर चावीही पाण्याखाली गेली. शेवटी कसंबसं ओरडले, "अरे, खड्ड्यावर काहीतरी जड बसव!"

तुळशीरामने चहूकडे पाहिलं. सगळ्यात जड काय, ते लगेच दिसलं. पण माणसाला हात लावायचा नाही. त्याने हात जोडले. "अध्यक्षसाहेब, मानाची जागा इथं हाय. बसा."

मानाची जागा म्हटल्यावर अध्यक्ष बसले. बसले ते रुतलेच. पाणी थांबलं, दाब सुधारला आणि कित्येक वर्षांनी टेकडीवरच्या नळांना पाणी आलं.

"उचल मला!" अध्यक्ष गरजले.

तुळशीरामने घाईने अर्ज लिहिला, खिशातल्या कागदाखाली धरला आणि दोन्ही पुढे केले. "मंजुरी द्या साहेब. सही तुमचीच लागते." अध्यक्षांनी सवयीप्रमाणे न वाचता वरच्या कागदावर सही ठोकली. तेवढ्यात पेन निसटून गटारातून वाहून गेलं.

तुळशीराम कायम झाला. पारूने पेढे वाटले. उचलायचा अर्ज मात्र मंजुरीविना राहिला, आणि मंजुरीशिवाय माणसाला हात लावेल तो तुळशीराम कसला! अध्यक्ष खड्ड्यावर आणि नवा व्हॉल्व्ह पाटावर, दोघेही अजून तिथंच आहेत. टेकडीवरची माणसं रोज सकाळी येतात, दोघांना हार घालतात आणि अध्यक्षांना हात जोडून सांगतात, "साहेब, तेवढं उठू नका."